बेळगावात एएनएम (सहायक नर्स-मिडवाइफचा कोर्स) करून नोकरी मिळेल का?

मिळेल गं, पण आधी कुठे राहून काम करणार ते ठरव. बेळगाव शहरात केएलईचं हॉस्पिटल, सरकारी बीम्स आणि बरीच खासगी हॉस्पिटलं आहेत, तिथे वॉर्डला माणसं लागतातच. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे लहान नर्सिंग होम. तिथे पगार कमी, पण डिलिव्हरीपासून ड्रेसिंगपर्यंत सगळं हाताखालून जातं. सुरुवातीला मला तेच बरं वाटतं.

जमत असेल तर जीएनएमच (जनरल नर्सिंग-मिडवाइफरी) कर. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं; पुढे आयसीयू, ओटीला (ऑपरेशन थिएटरला) जायचं तर जीएनएमवालीलाच आधी विचारतात. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे फी भरायच्या आधी बघ. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, हात जोडून सांगते.

कन्नड मात्र शिकच. खानापूरची आजी तुझ्याशी मराठीत मोकळी बोलेल, पण शेजारच्या खाटेवरची गोकाकची बाई रात्री दोन वाजता कळ कुठे येते ते कन्नडमध्येच सांगणार. तेव्हा दुभाष्या शोधत बसायला वेळ नसतो. सरकारी भरतीतही कन्नड येणं लागतं.

मिरज, कोल्हापूर जवळच आहे, तिथेही जागा निघतात. पण कर्नाटक कौन्सिलच्या नोंदणीवर तिकडे चालत नाही, महाराष्ट्राची वेगळी करावी लागते. त्याला महिने जाऊ शकतात, म्हणून मार्कशीट आणि नोंदणीच्या प्रती आत्तापासूनच एका फाइलमध्ये लावून ठेव.