लाइट लावला की मासे काचेवर का आपटतात?

सकाळी टाकीचा लाइट लावला की निऑन टेट्रा (निळ्या पट्टीचे छोटे मासे) सैरावैरा पळून काचेवर आपटतात, मग लाइट रात्रभर चालूच ठेवू का, असं विचारलंयत. अजिबात नको. दुकानात सर्रास हाच सल्ला देतात म्हणा.

आपण अंधारातून उजेडात आलो की बाहुली आकसते, पापणी मिटते. बहुतेक माशांकडे यातलं काहीच नाही. त्यांच्या डोळ्यात आतल्या पडद्यावरच्या पेशीच जागा बदलतात, अंधारात बघणाऱ्या पेशी काळ्या रंगद्रव्याच्या थरात दडी मारतात, उजेडातल्या पुढे येतात, आणि या सगळ्या हलवाहलवीला वीस मिनिटं, अर्धा तास आरामात जातो. तुम्ही बटण दाबता एका सेकंदात, मग बिचारे आंधळ्यासारखे धावणारच की. रात्री फटकन बंद केलात तरी तीच गत.

मी सकाळी आधी पडदा सरकवतो, मग खोलीतली ट्यूब, अर्ध्या तासाने टाकीचा लाइट. रात्री उलटं. आठ तासांचा टायमर लावून टाका, शेवाळही आटोक्यात राहतं.

अंधार त्यांना लागतोच हो. रात्री दोनला मोबाईलचा टॉर्च भिंतीवर मारून (टाकीत नाही!) निऑन बघा, ती झगझगीत निळी पट्टी पार फिकी पडलेली असते, नवीन माणसाला वाटतं आजारी पडले, पण उजाडलं की तासाभरात परत चमकते. क्लाउनफिशची अंडी तर रात्रभर उजेडात ठेवली तर फुटतच नाहीत, पिल्लं अंधार पडल्यावरच बाहेर येतात. टाकीवरचा तो निळा रात्रीचा दिवा, 'मूनलाइट', तोसुद्धा रात्रभर नको, निळं त्यांना चांगलंच दिसतं.

वर एकाने विचारलंय, मग कोकणात एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्या बोटींकडे बांगडे, माकूल (स्क्विड) धावत कसे येतात? तिथे दिवा तासन्‌तास एका जागी स्थिर असतो, उजेडाला आधी बारीक जीव जमतात, त्यांना खायला छोटे मासे आणि त्यांच्या मागे मोठे. माकूल तर बोटीच्या सावलीत दबा धरून बसते आणि उजेडात झेप घेऊन परत आत. म्हणून तर पौर्णिमेला हा धंदा मंदावतो, सगळीकडेच उजेड असतो ना. २०१७ पासून केंद्राची बंदी आहे त्याच्यावर, ती कितपत पाळतात ते किनाऱ्यावरच्यांना विचारा.

आणि टाकीला झाकण आहे ना? एकदा मी पाणी प्यायला उठलो आणि झोपेत टाकीचा लाइट लावला, सकाळी एंजल मासा कपाटामागे वाळलेला सापडला.