नाना, हे भांडतात की हसतात?

(नाना धुळ्याचे. उमर ट्रकवर गेली, आता पारोळा चौफुलीजवळ भाच्याच्या पंक्चरच्या दुकानात बसतात आणि वाचकांच्या रस्त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : नाना, माझे मिस्टर सावद्याहून केळी भरून दिल्लीला जातात. यंदा पहिल्यांदाच मी त्यांच्यासोबत गाडीत गेले. सेंधव्याच्या पुढे एका ढाब्यावर पाच-सहा ड्रायव्हर खाटांवर बसले होते आणि एकमेकांना राज्यांवरून काय वाट्टेल ते बोलत होते. ‘ए बिहारी’, ‘ए मारवाडी’, ‘गुजरातवालों को तो नवापूर में ही प्यास लगती है’. आमचे मिस्टरही त्यात! राजस्थानच्या माणसाला म्हणाले, ‘तुम लोग तो नहाने के लिए महाराष्ट्र आते हो.’ मला वाटलं आता मारामारी होते. पण सगळे हसत होते. नंतर विचारलं तर म्हणाले, ‘तुला नाही कळणार.’ हे खरंच हसणं असतं का? – एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : ताई, ‘तुला नाही कळणार’ म्हणाले ते काही बरोबर नाही. कळण्यासारखंच आहे. फक्त सांगायला वेळ लागतो आणि ड्रायव्हर घरी आला की आधी झोपतो.

रस्त्यावर माणसाला नाव नसतं, नंबर प्लेट असते. एमएच १८ दिसली की धुळ्याचा, १९ म्हणजे जळगावचा, ३९ नंदुरबारचा. टीएन २८ म्हणजे नामक्कलचा अण्णा, पीबी १० म्हणजे लुधियान्याचे सरदारजी. अर्ध्या तासासाठी भेटलेल्या माणसाला तुम्ही विचारणार तरी काय? पगार विचारावा तर तो सगळ्यांचाच कमी. घरचं विचारावं तर त्याचा घसा दाटतो, आणि त्याला अजून रात्रभर गाडी हाकायची असते. मग उरतं राज्य. त्यावर कितीही बोला, कोणाच्या खिशातून काही जात नाही.

त्यात आपलं धुळं पडलं चौफुलीवर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते इथेच एकमेकांना कापतात. सरकारने नंबर बदलले, ३ चा इथून इंदूरकडे ५२ झाला, ६ चा ५३ झाला, आम्ही अजून जुनेच म्हणतो. ५२ नंबर पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जातो, ५३ नंबर सुरतजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत. म्हणजे अख्खा देश आमच्या टपरीवर चहाला थांबतो. सगळे थकलेले आणि बोलायला कोणीतरी हवं असलेले.

तुमच्या मिस्टरांनी राजस्थानवाल्याला पाण्यावरून डिवचलं. त्यावर तो काय म्हणाला, ते तुम्ही लिहिलं नाही. मला ठाऊक असलेलं ठरलेलं उत्तर असं – ‘तेरे गाँव में किराने की दुकान किसकी है?’ आणि आपल्याकडे बहुतेक गावांत ती कोणाची असते, तुम्हाला माहीत आहे. इथे आपला माणूस गप्प होतो. मग गुजरातवाला मध्ये पडतो, म्हणतो, आम्ही गाडीत झोपून येतो, झोप मोडली की समजायचं महाराष्ट्र लागला. आपण त्याला त्याच्या दारूबंदीवरून धरायचं, हद्दीवरच्या नवापूरची ‘प्यास’ ती हीच. तो म्हणतो, दारू तुमची, रस्ते आमचे. मध्य प्रदेशवाल्याला आम्ही पूर्वी फार हसायचो. त्यांच्या रस्त्यांवर एकेकाळी गाडीचे कमानपाटे मोडायचे आणि बिजासन घाट उतरून पळासनेरला आलं की हायसं वाटायचं. मधल्या काळात तिकडचा रस्ता गुळगुळीत झाला आणि आपल्या फागण्याच्या पुढे जळगावपर्यंत वर्षानुवर्षं खोदून ठेवलेलं. तेव्हा त्यांनी सगळं व्याजासकट वसूल केलं.

पण खरी लढाई खाण्यावरून होते. एका पावसाळ्यात कन्नडच्या घाटात दरड आली. चाळीसगावच्या बाजूला गाड्यांची रांग लागली, आणि जवळच्या ढाब्यावरचं पीठसुद्धा संपलं. मग ज्याच्या त्याच्या पेटीतलं बाहेर निघालं. भिलवाड्याचा एक जण म्हणाला, मी बाटी लावतो. कणीक मळली, गोळे केले, ढाबेवाल्याकडून गोवऱ्या घेतल्या. तेवढ्यात उज्जैनचा म्हणाला, थांब, आधी पाण्यात उकळ, मग निखाऱ्यावर टाक, म्हणजे त्याला बाफला म्हणतात आणि तो खाण्यालायक होतो. बिहारातल्या छपऱ्याचा एक पोरगा सत्तूची पिशवी घेऊन आला आणि गोळा हातात घेऊन म्हणाला, ‘अंदर कुछ नहीं? खाली गोला खाते हो?’ त्याची लिट्टी, आत सत्तू भरलेली. मी म्हटलं, तुम्ही सगळे अर्ध्यावर सोडता. आमच्याकडे पिठात थोडा मका घालतात, बट्टी आधी वाफवतात, मग कापतात, मग तेलात तळतात. त्यावर भिलवाडावाला म्हणाला, ‘बेचारी को तीन बार क्यों मारते हो?’ आम्ही एवढे हसलो की रांगेतले क्लीनर काय झालं म्हणून पळत आले.

पुढे वांगी आली. माझ्या गाडीत घरची भरताची वांगी होती, हिरवी, हातभर. कपाशीच्या काड्यांवर भाजली. लसूण-मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात न आखडता तेल. बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, नव्हती म्हणून पातेल्यातच ठेचलं. छपऱ्याचा म्हणाला, हे तर चोखा. मागून एक सरदारजी आले, म्हणाले, हा तर भरथा. मी म्हटलं, याला भरीत म्हणतात आणि हे वांगं फक्त आमच्या जळगावकडे पिकतं. (२०१६ मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. तेव्हा हे मिळालेलं असतं तर त्यांच्या तोंडावर फेकलं असतं.) त्या रात्री कोणीच जिंकलं नाही. दरड निघेपर्यंत वाद चालू होता आणि भांडं मात्र कधीच रिकामं झालं होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर शब्दांत सापडायचं नाही, कारण ‘ए बिहारी’ हाच शब्द दोन ठिकाणी दोन प्रकारचा असतो. ढाब्यावर तो ऐकला की तो पोरगा लगेच ‘बोल मराठा’ म्हणून उलटा टोला देतो. तोच शब्द माल उतरवायच्या गोदामावर पाच लोकल माणसं एकट्या पोराला म्हणतात, तेव्हा तो खाली बघून कागद पुढे करतो. ती मस्करी नव्हे, दादागिरी. तेव्हा पुढच्या खेपेला कोण काय बोललं त्याकडे लक्ष देऊ नका. ज्याला बोललं तो पुढे काय करतो ते बघा. तो उलट बोलू शकत असला आणि बोलत असला तर निवांत चहा प्या.

आणखी एक. रस्ता, घाट, ऊन, पाणी, खाणं, नंबर प्लेट, यांवर काहीही चालतं. आई-बहीण, जात-धर्म, मालकाने थकवलेला पगार आणि झालेला अपघात यांवर कोणी बोलत नाही. एखादा नवखा बोललाच तर म्हातारा ड्रायव्हर उठून हात धुवायला जातो, आणि बाकीच्यांना समजतं. मिस्टरांना एवढं विचारा की त्या राजस्थानवाल्याचा चहा कोणी दिला. डिवचणाऱ्याने द्यायचा असतो.

प्रश्न : हायवेवर एनएल ०१ नंबरच्या खूप गाड्या दिसतात. म्हणजे नागालँड ना? पण ड्रायव्हर तर हरियाणवी किंवा राजस्थानी बोलतात. एवढे ट्रक नागालँडहून येतात का? – एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : बरोबर ओळखलंस पोरा, एनएल ०१ म्हणजे कोहिमा. पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांनी कोहिमा पाहिलेलं नसतं. गाडीवरचा कर राज्य सरकार घेतं आणि तो राज्याराज्यात कमी-जास्त असतो. तिकडे कर आणि कागदांचा खर्च कमी पडतो, म्हणून इकडचे मालक गाडी तिकडे नोंदवतात, आणि नॅशनल परमिटवर ती देशभर फिरते.

आम्हाला हसायला हे आयतंच. एनएलची गाडी टपरीवर लागली की कोणीतरी विचारणारच, ‘भाईसाब, कोहिमा में बारिश कैसी है?’ एका हरियाणवीने मला मान न वळवता सांगितलं होतं, ‘गाड़ी से पूछ ले, म्हारा तो रोहतक है.’ हरियाणाची माणसं अशीच. हसवतात, पण स्वतः हसत नाहीत.

प्रश्न : माझा मेहुणा बऱ्हाणपूरचा, तोही ट्रक चालवतो. घरी आला की म्हणतो, ‘तुमच्या खानदेशची राजधानी आमच्या मध्य प्रदेशात आहे.’ याला काय उत्तर देऊ? – एक वाचक, रावेर

उत्तर : बोलतो ते खरं आहे, त्यामुळे आधी मान्य करून टाका. खानदेशावर फारुकी सुलतान होते आणि त्यांची राजधानी बऱ्हाणपूर. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि त्यांचं राज्य संपलं.

मान्य केल्यावर सावकाश विचारा, ‘पाहुणे, बऱ्हाणपूरच्या आधी राजधानी कुठे होती?’ त्याला बहुतेक सांगता यायचं नाही. थाळनेर! आपल्या शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या काठचं. म्हणजे थोरली राजधानी इकडे, धाकटी तिकडे. येताना मावा जिलेबी घेऊन ये म्हणावं, धाकट्याने रिकाम्या हाताने यायचं नसतं.

आणि सीमेवरूनच बोलायचं तर तुमच्या मेहुण्याला एकदा नवापूर स्टेशन दाखवा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. १९६० साली राज्यं वेगळी झाली आणि रेघ फलाटावरून गेली. तिथल्या एका बाकावरसुद्धा दोन राज्यांची नावं आहेत. तिथे बसून कोणाला डिवचायचं म्हटलं तर आधी आपण कुठल्या टोकाला बसलोय ते बघावं लागतं.

प्रश्न : नाना, मी दोन वर्षांपासून गाडीवर आहे. तुम्ही सांगता तशा गप्पा मला कुठे दिसत नाहीत. सगळे मोबाइलमध्ये. ते दिवस गेले का? – एक ड्रायव्हर, एरंडोल

उत्तर : निम्मे गेले. पण मोबाइलला सगळा दोष देऊ नकोस.

आमच्या गप्पा आवडीने कमी आणि नाइलाजाने जास्त व्हायच्या. राज्याच्या हद्दीवर चेकपोस्ट होती, विक्रीकराचे कागद तपासायचे, गाड्या तासन्तास उभ्या. काय करणार? स्टोव्ह काढायचा, चहा ठेवायचा, शेजारच्या गाडीवाल्याला शिव्या न देता शिव्या द्यायच्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती करनाक्यांची रांग गेली. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, तर टोलवर सुट्ट्या पैशांवरून होणारं बोलणंही गेलं. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. भुसावळच्या मे महिन्यात ज्याने गाडी चालवली आहे तो याला नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. पण काच बंद झाली की शेजारच्या गाडीतला ‘ओ केलेवाले, हट!’ ऐकू येत नाही, हेही आहेच.

रांगेत वाया गेलेले तास परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. त्या तासांचे पैसे आम्हाला कोणी दिले नाहीत.

गप्पा हव्या असतील तर जिथे अजून थांबावं लागतं तिथे शोध. दिल्लीला आझादपूर मंडीत गाडी खाली व्हायची वाट बघताना काच उतरव. नामक्कलच्या गाडीवर बहुधा दोघं असतात, आणि स्वतःचा भात स्वतः शिजवतात. त्यांच्याजवळ जाऊन गाडीच्या बॉडीचं कौतुक कर, ट्रकच्या बॉडी बांधण्यात त्यांचं गाव नामांकित आहे. मग हळूच म्हण, भात पोटात गेल्याशिवाय तुमचा गिअर पडत नाही म्हणे. भाषा येत नसली तरी चालतं, त्यांना एवढी हिंदी कळते. आणि पंजाबवाला भेटला तर विचार, पोरं कुठे आहेत. बऱ्याचदा उत्तर येतं, कॅनडात. काय करतात? ट्रक चालवतात! तिथून पुढे तासभर बघायला नको.

प्रश्न : माझा फागण्याजवळ ढाबा आहे. शेवभाजी नेहमीच्या तिखटाची केली की बाहेरच्या राज्यातले ड्रायव्हर पाणी मागत सुटतात, कमी केली की आपली माणसं म्हणतात आजाऱ्याचं जेवण आहे का. काय करू? – एक ढाबेवाला

उत्तर : रस्सा मध्यम ठेवा आणि तर्री वेगळ्या वाटीत द्या. गुजरातवाल्याच्या ताटात न विचारता गुळाचा खडा ठेवा, तो पुन्हा थांबेल. बिहारच्या पोरांना कच्चा कांदा आणि हिरवी मिरची भरपूर. आणि गुंटूरकडचा एखादा तर्रीची अख्खी वाटी ओतून ‘फीका है’ म्हणाला तर वाद घालू नका. मिरचीच्या बाबतीत आपण त्यांच्यापुढे बोलू नये.