कुंचा, कुंची, कुंचला आणि ‘हस्तधारित ब्रश’

प्रश्न असा आला आहे: हस्तकलेच्या एका वर्गासाठी माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. भाषांतर हाती पडले ते असे – ‘नैसर्गिक वनस्पती तंतूंपासून टिकाऊ हस्तधारित ब्रश बनविणे’. विचारणाऱ्या ताईंना हे वाक्य खटकते आहे. त्या विचारतात, की कुंचा, कुंची, कुंचला यांपैकी कोणता शब्द घ्यावा, ‘फायबर’ला दर वेळी तंतूच म्हणायचे का आणि ‘हँडहेल्ड’चे काय करायचे.

ताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचा निकाल पटकन लागतो. ‘हस्तधारित’ सरळ काढून टाका. लांब दांड्याच्या वस्तूपासून वेगळेपण दाखवायचेच असेल, तर मराठीला ‘हात’ शब्दाच्या आधी जोडायची जुनी सवय आहे: हातमाग, हातगाडी, हातपंप, हातपंखा. त्याच चालीवर ‘हातकुंचा’ म्हणा, कोणालाही कोश उघडावा लागणार नाही. नाहीतर ‘आखूड मुठीचा कुंचा’. पण बहुतेक ठिकाणी नुसता ‘कुंचा’ पुरतो, कारण कुंचा हातातच धरायचा असतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

आता कुंचा म्हणजे नेमके काय? एका टोकाला आवळलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी जुडी. ती कशाची आहे याच्याशी या शब्दाला कर्तव्य नाही. मोरपिसांचा कुंचा असतो, गवताचा असतो, काथ्याचा असतो. संस्कृतात ‘कूर्च’ म्हणजे गवताची जुडी, आणि दाढीसुद्धा. प्राकृतात त्याचे ‘कुच्च’ झाले आणि मराठीत येताना जोडाक्षराच्या जागी अनुस्वार आला, जसे ‘उच्च’चे ‘उंच’ झाले. हिंदीतली ‘कूँची’ आणि गुजरातीतला भिंती रंगवायचा ‘कूचडो’ हे याच कुळातले. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत कानानाकातल्या लवचिक भागाला ‘कूर्चा’ म्हणतात. तो शब्द समोर आला तर गोंधळू नका, पत्रकाला त्याचा उपयोग नाही.

लिहिताना ‘कु’ ऱ्हस्व. मूळ ‘कूर्च’ दीर्घ असला तरी मराठी शब्दात अनुस्वाराआधीचा उकार ऱ्हस्वच लिहायचा, उंच किंवा खुंटीसारखा. बोलताना मात्र एक गंमत आहे. ‘कुंचा’मधला च ‘चमचा’तल्यासारखा, दातांशी उच्चारायचा, ‘कुंची’मधला च ‘चिंच’मधल्या पहिल्या च-सारखा, टाळूशी. आणि ‘कुंच्याने’ म्हणताच कुंच्याचा चही टाळूकडे सरकतो. लेखी मराठीत हे दिसत नाही, म्हणून मराठी नव्याने शिकणारे ‘कुंचा’ हमखास चुकीचा उच्चारतात. वर्गात मराठी न येणारे कोणी असतील तर एवढे एकदा मोठ्याने म्हणून दाखवा.

कुंचा आणि कुंची यांत फरक आकाराचा, सुरा-सुरी किंवा खुंटा-खुंटीत असतो तसा. चार बोटांत मावते ती कुंची, मूठ भरते तो कुंचा. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचे टोपडेही, पण संदर्भ असला की घोटाळा होत नाही. अडचण येते ती अनेकवचनात: ‘कुंची’चे अनेकवचन ‘कुंच्या’ आणि ‘कुंचा’चे सामान्यरूपही ‘कुंच्या-’. ‘कुंच्यांची टोके कापा’ हे वाचून मोठे कुंचे की लहान कुंच्या, हे कळायला मार्ग नाही. पत्रकात दोन्ही वस्तू असतील तर तिथे ‘मोठे कुंचे’, ‘लहान कुंच्या’ असे स्पष्ट लिहा.

कुंचला चित्रकाराकडे राहू द्या. व्यंगचित्रकाराचे ‘कुंचल्याचे फटकारे’ वर्तमानपत्रांनी इतके मुरवले आहेत, की ‘काथ्याचा कुंचला’ म्हटले तर वाचक कॅनव्हास शोधू लागेल. शब्द चांगला आहे, पण भांडी घासायला किंवा चुना फासायला तो घेतलेला पाहून कसेसेच वाटते. काही घरांत मऊ गवताच्या झाडूलाही कुंचा म्हणतात, हे खरे. तिथे ‘कुंचा आण’ म्हटले की केर काढायचा झाडू येईल. तुमच्या पत्रकात आधी ‘काथ्याचा’ किंवा ‘घासायचा’ असे काही असल्यावर ती शंका उरणार नाही. केरसुणी आणि खराटा यांची नावे कामावरून पक्की झाली आहेत, त्यांना यात ओढायला नको. खरारा तर घोड्याचे अंग साफ करायचे दातेरी लोखंडी साधन. त्याचा झाडाशी काही संबंध नाही.

मग ब्रश हा शब्द टाकूनच द्यायचा का? मुळीच नाही. इथे मी घडणीकडे बघून रेघ ओढतो. लाकडाच्या फळीला भोके पाडून, प्रत्येक भोकात दुमडलेला झुबका तारेने ओढून बसवला असेल, तर तो ब्रश. त्याला ओढूनताणून कुंचा म्हणणे मला पटत नाही. ती वस्तू आणि तिचे नाव बरोबरच मराठीत आले. झाडाचे तंतूच आवळून त्यांचीच मूठ झाली असेल, किंवा जुडीत दांडी खोचून ती बांधली असेल, तर तो कुंचा. आणि तंतू जिथल्या तिथे ठेवून, काडीचेच टोक ठेचून किंवा चावून मोकळे केले असेल, तर ती कुंची. दातवणाच्या काडीची ‘कुंची करतात’ असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. केवड्याच्या झाडाला जमिनीकडे झेपावणारी जाड आधारमुळे असतात. त्यांचा वीतभर तुकडा घेऊन टोक भिजवावे आणि लाकडी मोगरीने ठेचावे: गर निघून जातो, तंतू सुटे होतात आणि चुना लावायला उत्तम कुंची तयार होते. बांधायला दोरा नको, मूठ वेगळी नको. तंतू मुळाला धरूनच असल्याने सहसा झडतही नाहीत.

तंतूचा प्रश्न जास्त रंगतदार आहे. ‘तंतू’ हा पाठ्यपुस्तकी शब्द आहे. चुकीचा नाही, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. हाताने काम करणाऱ्यांच्या बोलण्यात बहुतेक तंतूंना आपापले नाव आहे आणि ते नाव ऐकताच तो तंतू कसा वागेल हेही कळते. नारळाच्या सोडणातून, म्हणजे वरच्या जाड सालीतून, निघतो तो काथ्या. नारळाच्या झावळीतल्या पात्यांचा मधला ताठ कणा म्हणजे हीर. तो तंतू नाहीच, काडी आहे. घायपाताच्या पानाचा गर खरवडल्यावर उरतो तो वाख, अंबाडीचाही वाखच. नारळाच्या डोक्यावर राहते ती शेंडी. आणि ‘धागा’ हा शब्द पत्रकात कुठेही येऊ देऊ नका. धागा म्हणजे पीळ दिलेला. काथ्याला पीळ दिला की त्याचे सुंभ होते. कुंच्यातला काथ्या सुटाच हवा, पिळाचे काम फक्त बांधायच्या दोरीत.

या नावांच्या मागे खरोखरच वेगवेगळे गुण आहेत. काथ्यात लिग्निनचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असते, तागात त्याच्या निम्म्याहूनही कमी. लिग्निन म्हणजे लाकडाला लाकूडपणा देणारा पदार्थ. म्हणून काथ्या राठ असतो, पाण्यात लवकर कुजत नाही आणि दाबून सोडला की परत ताठ होतो. ताग मऊ, पाणी पिणारा. त्याची दोरी होईल, घासायचा कुंचा होणार नाही. काथ्यातही जून नारळाचा तपकिरी काथ्या कुंच्याला घ्यावा. कोवळ्या, हिरव्या नारळाचा पांढरट काथ्या सुंभ वळायला चांगला, घासताना मात्र लोळतो. वाख काथ्याहून पुष्कळ लांब आणि उजळ, पण तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तो ओल्या कामापेक्षा कोरड्या झटकणीला बरा. ताडाच्या देठाच्या बुडाशी आणि भेरली माडाच्या पानाच्या बुडाशी राठ, काळसर तंतू निघतात. जगभरच्या ब्रशांत ते वापरले जातात. भेरली माडाच्या तंतूला बाजारात ‘कित्तूल’ हे श्रीलंकेतले नाव आहे. ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडांचा ‘पियासावा’ आणि मेक्सिकोच्या घायपातवर्गी झाडाचा ‘टँपिको’ यांना मराठी नावे शोधत बसू नका. टँपिको हे तर बंदराचे नाव आहे, त्याचे भाषांतर काय करणार?

‘ब्रिसल’साठी ‘केस’ चालेल का, असेही तुम्ही पुढे विचारले आहे. ‘ब्रशचे केस झडले’ असे आपण म्हणतोच, तेव्हा ब्रशच्या बाबतीत खुशाल लिहा. हिरांच्या कुंच्याला मात्र ‘काड्या’ म्हणा. काथ्याच्या कुंच्याला स्वतंत्र शब्दाची गरजच पडत नाही: ‘काथ्या झडला’, ‘टोके दुमडली’ एवढे पुरते.

आता क्रियापदांकडे या, कारण भाषांतर खरे तिथे फसले आहे. ‘बनविणे’ हे एकच क्रियापद सगळीकडे वापरले आहे आणि त्यात कारागिराचा हात कुठे दिसतच नाही. मराठीत कुंचा बांधतात. आणि बांधण्याआधी सोडण भिजत घालतात, कुटतात, काथ्या झाडतात, विंचरतात, जुळवतात. ‘काथ्याकूट’ म्हणजे निष्फळ चर्चा, असे आपण म्हणतो (आणि ही शब्दचर्चाही त्याच वाटेने चालली आहे, असे कोणी म्हटले तर माझी तक्रार नाही). पण सोडण कुटल्याशिवाय त्यातला भुसा सुटत नाही, आणि भुसा राहिला तर कुंचा पाणी धरून ठेवतो आणि आतून कुजतो. विंचरणेही वरवरचे नको. कंगव्यात अडकून येतो तो आखूड काथ्या बाजूला काढायचा. तो जुडीत राहिला तर बांधणीपर्यंत पोचत नाही आणि पहिल्याच धुण्यात बाहेर येतो. कुंचा ‘गळतो’ अशी तक्रार असते, तिचे कारण बहुधा हेच.

बांधताना काथ्या ओलसर हवा. पत्रकात ‘ओला करून’ असे आहे, ते बदला. ओला, चिंब, ओलसर, दमट यांत मराठी फरक करते आणि इथे तो फरक महत्त्वाचा आहे. चिंब भिजलेला तंतू फुगतो, सुकल्यावर बारीक होतो, आणि करकचून आवळलेली जुडीही मग सैल पडते. अगदी कोरडा काथ्या दुमडताना तुटतो. म्हणून ओलसर. जुळवलेली जुडी मधोमध दोरीवर टाकून दुमडायची, म्हणजे प्रत्येक तंतूची दोन टोके खाली येतात आणि दुमड वर मुठीत राहते. मग दुमडीच्या खालून वेढे द्यायला लागायचे. सुरुवातीला दोरीचा एक फास मुठीच्या बाजूने आडवा न घेता उभा टाकायचा, त्यावरून वेढे एकमेकांना चिकटवून देत जायचे, शेवटचे टोक त्या फासातून घालायचे आणि दुसरे टोक ओढायचे. फास वेढ्यांच्या पोटात जातो आणि गाठ दिसत नाही, हाताला टोचतही नाही. इंग्रजी पत्रकात यासाठी एक खास शब्द आहे. मराठीत ‘वेढे देऊन फास आत ओढून घ्या’ असे म्हटले की हातांना कळते. तिथे नवा पारिभाषिक शब्द पाडायचा मोह टाळा.

मूठ सैल झालीच तर दोन उपाय आहेत: बूड जमिनीवर आपटणे, खराट्याचे करतात तसे, किंवा जुडीच्या मधोमध बांबूची पाचर ठोकणे. ‘पाचर मारणे’ याला मराठीत वाईट अर्थ चिकटला आहे, तेव्हा पत्रकात ‘पाचर ठोकणे’ लिहा.

‘टिकाऊ’ला माझा आक्षेप नाही, -आऊ प्रत्ययाचा चांगला मराठी शब्द आहे, विकाऊ, लढाऊ यांच्या रांगेतला. पण पत्रकात तो सात ठिकाणी तसाच आला आहे. तंतू टिकाऊ नसतो, चिवट असतो. बांधणी पक्की असते. मूठ दणकट असते. या तिन्ही गोष्टी जमल्या म्हणजे कुंचा टिकाऊ होतो. ‘राठ’ आणि ‘ठिसूळ’ यांचीही भाषांतरात गल्लत झाली आहे: राठ तंतू घासायला हवा, ठिसूळ तंतू फेकून द्यायचा.

शीर्षक मी असे करीन: ‘काथ्या, वाख आणि हिरांचे टिकाऊ कुंचे’. ‘नैसर्गिक वनस्पती’ हे गेले तरी चालते, कारण काथ्या झाडाचाच असतो. निगा राखण्याविषयीचा जो परिच्छेद आहे, तो पुढीलप्रमाणे करता येईल: ‘वापर झाल्यावर कुंचा धुऊन झटका. टोके खाली आणि मूठ वर अशी ठेवून टांगा, म्हणजे पाणी बांधणीत उतरत नाही. टोकांवर उभा करून ठेवू नका, ती दुमडून तशीच राहतात. टोके झिजली की कातरीने सारखी करा.’

आणि पत्रकात जिथे खरोखरच झुबक्यांचा ब्रश आहे, तिथे ‘ब्रशेस’ नको. मराठीत एक ब्रश, दोन ब्रश, ब्रशने, ब्रशचा.