ह्याला खरंच दुखतं का?

"ताई, एकच सांगा. ह्याला खरंच दुखतं, की गोळीसाठी नाटक करतो?"

विचारणारी बहीण, भाऊ शेजारच्याच खुर्चीत बसलेला. तरी 'ह्याला'. मुंबईतल्या एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या, ज्या केंद्रात मी समुपदेशक आहे, तिथे हा प्रश्न कधी बायको विचारते, कधी आई, आणि खरं सांगायचं तर कधी एखादा डॉक्टरही. पेशंटला एचआयव्ही, मागे गर्दची नशा आणि वर तुरुंगवारी असेल, तर हमखास. म्हणून ही केस लिहितेय, ओळख पटेल ते सगळं बदलून. बहीण त्याला दादा म्हणते, मीही इथे तेच म्हणेन.

दादा पन्नाशीला टेकलेला. विशीत पन्नीवर ब्राऊन शुगर ओढायला लागला, मग सुईवर गेला. २००९ मध्ये एआरटी सुरू झाली. तेव्हाच्या औषधांत स्टॅव्हुडिन असायचं. त्याने कितीतरी जीव वाचवले, पण अनेकांच्या पायांच्या नसा कायमच्या खराब केल्या. आता ते वापरत नाहीत. पुढे दादा पुडीसकट पकडला गेला आणि १४ महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. तिथे टीबी झाला. टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिडही नसांना त्रास देतं, म्हणून तर सोबत बी-६ची गोळी देतात. ती त्याला रोज मिळाली का, हे त्यालाही आठवत नाही.

सुटला त्या संध्याकाळी जुन्या मित्रांनी पुडी पुढे केली. याने नेहमीची मात्रा घेतली आणि ओठ निळे पडून कोसळला. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, पण हात जुन्याच मापाने घेतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. कोणीतरी १०८ला फोन केला, म्हणून तो वाचला. त्यानंतर त्याने गर्दला हात लावला नाही, असं तो सांगत होता.

मग बहिणीला उशीच्या अभ्र्यात ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या पट्ट्या सापडल्या. पाय दुखतात म्हणून एका खासगी दवाखान्यातून त्याने त्या घेतल्या होत्या आणि पुढे दिवसाला दोनाच्या सहा झाल्या होत्या. तिने सगळ्या संडासात टाकल्या. दुसऱ्या दिवशी दादाला घाम, जुलाब, अंगदुखी, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, पोरं जिला टर्की म्हणतात ती. तिसऱ्या रात्री तो घरी आलाच नाही. परतला तेव्हा डोळे जड झालेले. बहिणीच्या मते नाटकाचा पुरावा मिळाला.

मला यात वेगळं दिसत होतं, पण लगेच नाही. चार महिन्यांपूर्वी दादा एकटाच माझ्याकडे आला होता, तेव्हा माझ्या नोंदीत मीच लिहिलं होतं: 'वेदनाशामकासाठी हट्ट, जुनी नशा, लक्ष ठेवावे.' पाय कुठे दुखतो, कसा दुखतो, रात्री की दिवसा, यातलं एक अक्षर नाही. ती ओळ परत वाचताना मला लाज वाटली. त्याने खासगी दवाखाना का गाठला असेल, याचं अर्धं उत्तर त्या ओळीत होतं.

त्या दिवशी मी बहिणीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. ती गेल्यावर दादाने चपला काढल्या. दोन नंबर मोठ्या होत्या, पट्टा पायाला टेकू नये म्हणून. त्याने तळवे थंड लादीवर ठेवले आणि डोळे मिटले. "मुंग्या डसल्यासारखं, ताई. मग भाजल्यासारखं. चादर लागली तरी सहन होत नाही." मी विचारलं, आत असताना कुणाला सांगितलंत का? "सांगितलं ना. हवालदार म्हणाला, पुडी पाहिजे का? मग नाही सांगितलं परत."

आमच्या डॉक्टरांनी तपासलं, फार वेळ लागला नाही. कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. दादाला काही कळेना. तोच चिमटा गुडघ्याला लावल्यावर कळलं. टाचेमागे हातोडीने ठोकल्यावर पाऊल झटक्याने हलायला हवं, ते हललं नाही. साखर तपासली, ती ठीक निघाली. निदान नसांच्या दुखण्याचं. एचआयव्ही, जुनं औषध आणि टीबीच्या गोळ्या, तिघांनी मिळून केलेलं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मात्र गेल्या दोन्ही वेळा दिसण्याच्या पातळीखाली. नाटक्या म्हणवला जाणारा हा माणूस एआरटीची रात्रीची एक गोळी चुकवत नव्हता.

बहिणीला परत बोलावलं. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं, दुखणं खरं आहे. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे नशा नाही?"

लोक इथेच अडकतात. एक खरं ठरलं की दुसरं खोटं ठरलंच पाहिजे, असं धरून चालतात. दादाचं दुखणं खरं होतं आणि त्या गोळ्यांवर तो अडकलाय हेही खरं होतं. गर्द, मॉर्फिन, ट्रामाडॉल ही सगळी एकाच कुळातली. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ते काही उगाच नाही. महिनोन् महिने घेतलेलं हे औषध एका दिवसात तोडलं की शरीर बंड करतं, आणि ज्याला गर्दचा पत्ता माहीत आहे तो तिकडेच जातो. पट्ट्या संडासात टाकण्यामागे तिची माया होती, पण त्याची वाट तिने नकळत नाक्याकडे वळवली. मी तिला हे याच शब्दांत सांगितलं. ती रडली. मी पाणी दिलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

तिथून दादा ओएसटीला गेला, म्हणजे नशेच्या जागी केंद्रात देखरेखीखाली देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी. त्यात एक गोष्ट घरच्यांना अगदी उलटी वाटते. आधीचं औषध अंगात असताना ही गोळी दिली तर जोरात टर्की येते, म्हणून थोडी टर्की सुरू होईपर्यंत थांबावं लागतं. बाकावर कुडकुडणाऱ्या भावाकडे बघून बहीण नर्सवर ओरडली, "द्या ना आता!" नर्सने शांतपणे अजून तासभर थांबवलं. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला.

दुसऱ्या आठवड्यात तक्रार आली, संध्याकाळी पाय पुन्हा पेटतात. पूर्वी मी लगेच शंका घेतली असती. प्रत्यक्षात या गोळीने टर्की दिवसभर आवरते, पण वेदना सहा-आठ तासच दबते. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही, विभागली: थोडी सकाळी, थोडी केंद्र बंद व्हायच्या आधी. केंद्र घराजवळ म्हणून हे जमलं, सगळ्यांना नाही जमत. नसांसाठी गॅबापेंटिन सुरू केलं, अगदी कमी मात्रेपासून, कारण दोन्ही मिळून झोप आणि श्वास जड करू शकतात. दारू पूर्ण बंद. बहिणीला मी धोक्याची खूण पाठ करून घ्यायला लावली: हलवून जाग येत नसेल, घोरणं विचित्र वाटलं, ओठ निळे दिसले, तर १०८, आणि पोलिसांची भीती नंतर.

पोलिसांची भीती तिला होतीच. तो रोज केंद्रात गेला तर नाव नोंदलं जाईल, पुन्हा उचलतील. तिला सांगितलं की सरकारी उपचार घेणं हा गुन्हा नाही. उलट एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमात, नशा केल्याच्या किंवा थोड्या मात्रेच्या प्रकरणातला माणूस स्वतःहून उपचाराला आला आणि तो त्याने पुरा केला, तर खटल्यापासून संरक्षण आहे. त्याचा एचआयव्ही त्याच्या संमतीशिवाय कुणाला सांगायला २०१७च्या एचआयव्ही कायद्याने मनाई आहे. जुनी केस चालू असेल तर वकिलाशी बोला, पात्र असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो, हेही सांगितलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जूनमध्ये दादा एकदा पुन्हा नशेकडे घसरला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगितलं. पायांची आग गेलेली नाही. दहापैकी आठ होती, आता चार-पाच म्हणतो. दोघांनी मिळून एक वही केली आहे, त्यात आकडे बहीण लिहिते, तो सांगतो.

गेल्या आठवड्यात दोघं आली. गणपती जवळ आलेत. बहीण मला म्हणाली, "ताई, विसर्जनाला न्यायचं का ह्याला? तिथे त्याचे जुने सगळे असतात, आणि चालायचंही खूप."

"मला काय विचारता?" मी म्हटलं.

ती क्षणभर माझ्याकडेच बघत राहिली. मग खुर्ची वळवली. "दादा, जमेल का रे तुला?"

त्याने पायांकडे बघितलं. "चौपाटीपर्यंत नाही. नाक्यापर्यंत येईन. पण स्टूल घे बरोबर."