अँगुलरजेएसच्या जुन्या अ‍ॅपमध्ये राउट आणि कंट्रोलर कसे मांडावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: अँगुलरजेएस (वेब अ‍ॅप बांधायची जावास्क्रिप्ट चौकट) १.५ वरचं ऑर्डर सांभाळायचं जुनं अ‍ॅप तुमच्या गळ्यात पडलंय. सगळे राउट (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान, याच्या नोंदी) एका फाइलीत, सगळे कंट्रोलर (पानाचा डेटा आणि वागणूक सांभाळणारा कोड) दुसरीत. ऑर्डरचं पान उघडलं की सर्व्हरकडे एकच एपीआय मागणी दोनदा जाते. नव्याने लिहायला परवानगी नाही, तेव्हा हे फोडायचं कसं?

आधी त्या दोनदा जाणाऱ्या एपीआयचं बघू, कारण गोंधळाचं मूळ बहुतेक तिथेच आहे. राउटमध्ये कंट्रोलरचं नाव दिलेलं असणार आणि त्याच पानाच्या टेम्प्लेटमध्ये (एचटीएमएल साच्यात) वरच्या डिव्हवर एनजी-कंट्रोलर लावून पुन्हा तेच नाव. अँगुलर बिचारा दोन्ही हुकूम पाळतो. एक कंट्रोलर बाहेरच्या स्कोपवर (टेम्प्लेटला दिसणाऱ्या डेटाच्या कप्प्यावर) उभा राहतो, दुसरा आतल्या, आणि दोघेही आपापला डेटा मागवतात. पडद्यावर दिसतं ते आतल्याचं. बाहेरचा फुकट राबतो. पानाचा कंट्रोलर फक्त राउटमध्ये लिहा आणि टेम्प्लेटमधला काढून टाका. मात्र टेम्प्लेटमध्ये ‘अ‍ॅज व्हीएम’ असं टोपणनाव असेल, तर तेही राउटच्या कंट्रोलर-अ‍ॅजमध्ये न्या. नाहीतर पान कोरं दिसेल आणि कन्सोलमध्ये एररही येणार नाही.

एवढं झालं की कुठल्या पत्त्यावर कोण काम करतं हे सांगायची जागा एकच उरते, ती म्हणजे राउट. बाकीची मांडणी याच आधारावर करा.

कंट्रोलर, सर्व्हिस, व्ह्यू असे प्रकारानुसार फोल्डर करू नका. ऑर्डर, ग्राहक, रिपोर्ट असे कामानुसार करा. प्रत्येक फोल्डर म्हणजे एक अँगुलर मॉड्यूल. त्याचा स्वतःचा कॉन्फिग ब्लॉक (सुरुवातीलाच चालणारी मांडणी) आणि त्यात त्याचेच राउट. एकाच अ‍ॅपमध्ये असे कितीही कॉन्फिग ब्लॉक चालतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मुख्य मॉड्यूलमध्ये फक्त या मॉड्यूलांची यादी आणि अनोळखी पत्त्यासाठी ‘अदरवाइज’ राहील.

इथे एक खाच आहे. एनजी-राउट (अँगुलरचं स्वतःचं राउटिंग मॉड्यूल) ज्या क्रमाने राउट नोंदवले त्याच क्रमाने तपासतो आणि पहिला जुळला की थांबतो. ‘ऑर्डर’नंतर कोलन-आयडी (कोलन म्हणजे त्या जागी काहीही चालतं) असा राउट आधी नोंदवला आणि ‘ऑर्डर/न्यू’ नंतर, तर नवी ऑर्डर उघडताना ‘न्यू’ हाच आयडी समजला जातो आणि सर्व्हरकडे भलतीच मागणी जाते. म्हणून एका कामाचे सगळे राउट एकाच फाइलीत ठेवा, ठरावीक पत्ते वर आणि कोलनवाले खाली.

आता कंट्रोलरमध्ये काय ठेवायचं? शक्य तितकं कमी. राउट बदलला की कंट्रोलर मरतो, परत आलात की नवा जन्मतो. यूआरएलमधला नुसता क्वेरी पॅरामीटर बदलला तरी, रीलोड-ऑन-सर्च बंद केलं नसेल तर, तेच होतं. त्यामुळे यादीवर लावलेला फिल्टर कंट्रोलरमध्ये ठेवलात की ऑर्डर बघून मागे येईपर्यंत तो गायब. तो सर्व्हिसमध्ये ठेवता येतो, कारण सर्व्हिस अ‍ॅप चालू असेपर्यंत एकच असते. माझं मत मात्र यूआरएलच्या बाजूने, कारण मग ‘थकलेल्या ऑर्डरी’ची लिंक सरळ सहकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडता येते.

उलट ज्या गोष्टी कंट्रोलरबरोबर मरत नाहीत, त्या तुम्हाला माराव्या लागतात: रूटस्कोपवर (सगळ्यांच्या सामाईक स्कोपवर) लावलेले लिसनर, इंटरव्हल वगैरे. स्कोपच्या डिस्ट्रॉय इव्हेंटवर ते काढा.

राउटमधलं रिझॉल्व्ह (पान उघडण्याआधी मागवायचा डेटा) जपून वापरा. त्यातलं प्रॉमिस (नंतर येणारं उत्तर) पूर्ण होईपर्यंत नवं पान येतच नाही, त्यामुळे संथ रिपोर्ट तिथे टाकलात की युजर पुन्हा पुन्हा क्लिक करत बसतो. परवानगीची तपासणी आणि ज्याशिवाय पानाला अर्थच नाही तेवढा डेटा, बास. प्रॉमिस फसलं तर काय करायचं तेही राउट-चेंज-एरर इव्हेंटवर एकाच जागी लिहून ठेवा.

एनजी-राउट सोडून यूआय-राउटरकडे (एकात एक पानं मांडू देणाऱ्या दुसऱ्या राउटिंग लायब्ररीकडे) जायचं का? ग्राहकाच्या पानात टॅब आणि प्रत्येक टॅबला स्वतःचा पत्ता असं असेल तर जा, नाहीतर खटाटोप नको. त्यापेक्षा १.५ पासून आलेले कंपोनंट (टेम्प्लेट आणि कंट्रोलर एकत्र बांधलेले तुकडे) वापरा: राउटच्या टेम्प्लेटमध्ये कंपोनंटचा एकच टॅग, आणि रिझॉल्व्हचा डेटा त्याला बाइंडिंगने द्यायचा. अँगुलरजेएसचा अधिकृत सपोर्ट २०२१ अखेर संपलाय. उद्या स्थलांतराची वेळ आली तर असे तुकडे एकेक करून हलवता येतात.

सुरुवात रिपोर्टपासून करा, ऑर्डर शेवटी. आणि फाइली हलवण्याआधी एनजी-स्ट्रिक्ट-डीआय (डिपेंडन्सींची, म्हणजे लागणाऱ्या सर्व्हिसेसची, नावं सक्तीने तपासणारी सेटिंग) लावून अ‍ॅप एकदा चालवा. ज्या कंट्रोलरांनी आपल्या डिपेंडन्सींची नावं स्ट्रिंगमध्ये दिलेली नाहीत, ते आपलं पान उघडताच तुमच्याच मशीनवर ओरडतील. नाहीतर मिनिफाय केल्यावर (कोड आक्रसून नावं छोटी केल्यावर) ‘अननोन प्रोव्हायडर’ थेट प्रॉडक्शनवर दिसतो.