गटवार गळती मोजण्यापूर्वी छेद तपासा

कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजात विश्लेषक म्हणून नव्याने रुजू झालेल्या सदस्याने विचारले आहे की, सर्व वांशिक गटांचे सत्राअखेरपर्यंत टिकण्याचे प्रमाण कागदावर जवळपास सारखे असताना प्राध्यापक मात्र कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी गळत असल्याचे का सांगतात. या विसंगतीशी माझाही दीर्घकाळ संबंध आला आहे. रिटेन्शन (सत्राअखेरपर्यंत विषयात टिकणे) आणि पर्सिस्टन्स (पुढील सत्रात पुन्हा नोंदणी करणे) यांतील भेद आपल्याला ठाऊक असेल असे गृहीत धरतो.

राज्याच्या व्याख्येनुसार टिकण्याचे हे प्रमाण सेन्सस डेला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अधिकृत मोजणीच्या दिवशी, नोंद असलेल्या विद्यार्थ्यांवर काढले जाते आणि तो दिवस सत्राचा साधारण एक पंचमांश काळ उलटल्यावर येतो. त्याआधी ज्याचे नाव वगळले गेले, तो अंशातही नसतो आणि छेदातही नसतो. आमच्याकडे फी थकली की नोंदणी आपोआप रद्द होत असे. प्रति युनिट (श्रेयांक) ४६ डॉलर ही फी अमेरिकेत कमी मानली जाते आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना ती माफही होते. परंतु फाफ्सा या केंद्रीय अर्थसाह्याच्या अर्जाची कागदपत्रे पडताळणीत अडकली असतील, तर तोवर खात्यावर बाकी दिसत राहते. परिणामी ज्यांना फी लागूच व्हायची नव्हती, अशांचीही नावे निघत.

वगळलेल्यांची यादी ज्या कार्यालयाकडे होती, त्याचे नाव घेत नाही. ही हिशेबाची नोंद आहे, शैक्षणिक नव्हे, असे त्यांनी प्रथम सांगितले. लेखी मागणी केल्यावर गोपनीयतेचे कारण पुढे आले, आणि अखेरीस कळले की सत्र संपल्यावर ती यादी जतनच केली जात नाही. त्याच कार्यालयाचे प्रतिनिधी समता आराखड्याच्या बैठकीत गटांमधील तफावत नगण्य असल्याचे सांगत, तेव्हा शांत बसणे मला कठीण जाई. मागील सत्रांचे चित्र आम्हाला कधीच उभे करता आले नाही.

म्हणून नोंदणी सुरू झाल्यापासून दर आठवड्याला नोंदणी-तक्त्याची प्रत स्वतःच जतन करावी. दोन प्रतींमधील फरकातून गेलेली नावे सापडतात. त्यांतून स्वतःहून विषय सोडणारे वेगळे काढून उरलेली नावे वंश, वय आणि पूर्णवेळ-अर्धवेळ यांनुसार लावावीत. ‘आशियाई’ हा एकच रकाना ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे: आपल्या एच-१बी व्हिसावर आलेल्या अभियंत्यांची मुले आणि आग्नेय आशियातून आलेल्या ह्मॉंग निर्वासितांच्या घरांतील मुले यांच्या सरासरीतून दोघांचीही स्थिती कळत नाही. अगदी लहान गटांसाठी अनेक वर्षांचे आकडे एकत्र करावेत.

उपायांविषयी विचाराल, तर प्रेरणादायी व्याख्यानांवर माझा फारसा विश्वास नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेल्या असॅप कार्यक्रमात प्रवासाचे पास, पाठ्यपुस्तकांचा खर्च आणि नियमित सल्लागार मिळतात. यादृच्छिक चाचणीत (विद्यार्थ्यांची दोन गटांत सोडतीने विभागणी करून) तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण तुलना-गटात २२ टक्के, तर या कार्यक्रमात ४० टक्के आढळले. अर्थात त्यात पूर्णवेळ शिकण्याची अट आहे, त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना तो जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

जाता जाता एक सूचना. सत्राचा ६० टक्के काळ होण्यापूर्वी सर्व विषय सोडणाऱ्याच्या केंद्रीय अनुदानाचा काही भाग परत जातो आणि त्यातून विद्यार्थ्याच्या खात्यावर बाकी निघू शकते, म्हणून पुढील सत्राच्या तक्त्यात थकबाकीचाही रकाना असावा. मी अर्थसाह्य अधिकारी नाही. हा नियम आपल्या कॉलेजात कसा राबवला जातो, याची खात्री संबंधित विभागाकडून करून घ्यावी.