बेटाची वाटणी आणि मिठाचं तळं

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीतले एक काका कॅरिबियन क्रूझ करून आले, म्हणतात तिथे एक बेट आहे, अर्धं फ्रान्सचं अर्धं नेदरलँड्सचं, आणि ही वाटणी म्हणे एक फ्रेंच आणि एक डच माणूस पाठीला पाठ लावून किनाऱ्याने चालत निघाले तशी झाली! फ्रेंच वाइन प्यायलेला, डच जिन पिऊन झिंगलेला, म्हणून फ्रेंचांना जास्त जमीन. खरंय का हे? की काकांनाच चढली होती?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : बेट खरं, गोष्ट नुसती दंतकथा, पण काकांना दोष देऊ नका, तिकडचे गाइडसुद्धा प्रत्येकाला हीच ऐकवतात. बेटाचं नाव सेंट मार्टिन. सगळं मिळून जेमतेम ८७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ठाणे महापालिकेच्या हद्दीत मावून वर जागा उरेल. त्यात उत्तरेचे ५३ फ्रेंचांकडे, दक्षिणेचे ३४ डचांकडे.

भांडणाचं मूळ मीठ. तुम्ही ऐरोलीहून मुलुंडला पूल ओलांडून येता तेव्हा मिठागरं दिसतात ना, तसंच तिथे मिठाचं मोठं तळं, आणि डचांना हेरिंग मासा खारवायला मीठ लागायचं ढिगाने. आधी ते पोर्तुगालहून यायचं पण पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या ताब्यात आणि स्पेनशी डचांचं युद्ध, मग मीठ आणणार कुठून? म्हणून १६३१ मध्ये डच इथे येऊन बसले. दोनच वर्षांत स्पॅनिशांनी हाकललं. १६४४ मध्ये बेट परत घ्यायला गेलेल्या पीटर स्टायव्हसंटचा पायच गेला तोफगोळ्याने, हाच पुढे न्यू यॉर्कचा, म्हणजे तेव्हाच्या न्यू ॲमस्टरडॅमचा, कारभारी झाला, लाकडी पाय लावून. १६४८ मध्ये स्पॅनिश आपणहूनच निघून गेले तेव्हा फ्रेंच आणि डच दोघांनी बेट धरलं आणि २३ मार्चला करार करून वाटून घेतलं. फ्रेंचांचं आरमार तेव्हा आसपासच होतं असं सांगतात, तर वाटा मोठा का मिळाला ते समजून घ्या, त्यात दारूचा काही संबंध नाही.

मला मात्र या सीमेची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. मिठाच्या तळ्यात आणि उसाच्या मळ्यात राबत होते ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १८४८ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी बंद केली, डचांनी कायद्याने बंद केली ती थेट १८६३ मध्ये. पण मधे ना भिंत ना कुंपण! डच बाजूचे लोक चालत पलीकडे जायला लागले, मग मालकांना त्यांना गुलाम म्हणून धरून ठेवणं जमेचना. चालत जाऊन काही मिळवलं असेल तर ते या लोकांनी, पण ही गोष्ट गाइड सांगत नाहीत.

आजही नाका वगैरे काही नाही, रस्त्याकडेला पाटी येते आणि देश बदलतो. एकीकडे युरो, दुसरीकडे गिल्डर (डॉलर दोन्हीकडे चालतो), विजेचा व्होल्टेजसुद्धा वेगळा.

क्रूझ लागते ती डच बाजूच्या फिलिप्सबर्गला. काका तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर सिंधी दुकानदारांकडे दागिने बघत फिरले असणार, अगदी उल्हासनगरात आल्यासारखं! मिठाचं तळं त्या गावाच्या पाठीलाच आहे. पाहिलं का, विचारा त्यांना.